न्यूरो-ओपीडीच्या तारखेआधी झोपेचीही फाइल लावा

मेंदूत गाठ असलेल्या पेशंटची फाइल आदल्या रात्री सगळेच लावतात: एमआरआयची सीडी, डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट. झोपेचं कागदावर काहीच नसतं. डॉक्टरांनी विचारलं की पेशंट म्हणतो ‘ठीक लागते’, मागे उभी असलेली बायको नकारार्थी मान हलवते, आणि तेवढ्यात पुढचा नंबर पुकारला जातो.

म्हणून तारखेच्या दोनेक आठवडे आधी एक वही करा. कितीला आडवे झाले, साधारण कधी डोळा लागला, कितीदा उठले, दिवसा किती डुलक्या काढल्या, हे सकाळी चहाच्या वेळी लिहायचं. अंदाज चालतो, रात्रभर घड्याळ बघत बसू नका. उठले ते कशासाठी, हे मात्र नक्की लिहा. सारखी लघवी आणि तहान असेल तर स्टेरॉइडने साखर वाढलेली असू शकते, आणि गाठ पिट्युटरीजवळची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीजवळची) असेल तर कारण वेगळंही असू शकतं. दिवसाच्या पेंगेसाठी एपवर्थची प्रश्नावली भरून न्या. तिच्यात आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती ते विचारतात, गुण 0 ते 24, आणि बेरीज 10 च्या वर गेली तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

आता औषधं. चिठ्ठीत जे लिहिलंय ते नको, घरात गोळी खरोखर कितीला दिली जाते ती वेळ हवी. मेंदूची सूज उतरवणारं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड झोप उडवतं. ‘दिवसातून दोनदा’ म्हटलं की आपल्याकडे दुसरी गोळी हमखास रात्रीच्या जेवणानंतर जाते. ती दुपारीच देता येईल का, हे विचारा. मनाने वेळ बदलू नका, आणि बंद तर अजिबात करू नका. स्टेरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं असतं. फिटसाठीच्या लेव्हेटिरासिटामने दिवसा गुंगी आणि चिडचिड होऊ शकते, पण म्हणून डोस चुकवायचा नाही. एक तर अपुऱ्या झोपेनेही फिट येऊ शकते. मेडिकलमधून परस्पर आणलेली झोपेची गोळी, काढे, मेलाटोनिन, सगळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. लपवाछपवी नको.

डोक्याचं रेडिएशन झालं असेल तर शेवटच्या दिवसाची तारीख वहीच्या पहिल्याच पानावर हवी. ते संपल्यावर काही आठवड्यांनी खूप झोप येण्याचा एक काळ येऊ शकतो आणि बहुधा तो आपोआप ओसरतो. घरचे मात्र गाठ परत आली म्हणून हबकतात.

घोरताना श्वास अडकत असेल किंवा झोपेत हातपाय झटकले जात असतील तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या.

पहाटे डोकं ठणकून उलटी होत असेल, किंवा हाक मारून, हलवूनही नीट जाग येत नसेल, तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठायची.

आणि ओपीडीत सोबत रात्री त्याच खोलीत झोपणारं माणूस न्या. गाडी चालवायला येणाऱ्या भाच्याला यातलं काही सांगता येणार नाही.