लहान मुलांना अवघड राग शिकवताय? या चुका टाळा

नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दरबारी हा राग शिकवावा का, असं पालक हल्ली सर्रास विचारतात. अवघड जरूर शिकवा, पण ते कशासाठी अवघड आहे, गळ्यासाठी की कानासाठी, हे आधी पाहा.

मोठ्यांचा राग मुलाच्या गळ्यात

मुलांचा गळा चपळ असतो. छोटा ख्याल, तराणा, सरळ सपाट ताना त्यांना जमतात. जमत नाही तो ठहराव, म्हणजे एका स्वरावर स्थिर थांबणं, आणि मंद्र म्हणजे खालचं सप्तक. दरबारी कानड्याचा सगळा भार नेमका तिथेच आहे, मंद्रातल्या संथ आलापीवर आणि आंदोलित, म्हणजे संथ झुलत्या, कोमल गंधारावर (ग). आवाज तेवढा खाली जात नाही म्हणून मूल घसा दाबतं, गंधार नुसता कापतो, आणि घरचे त्यालाच आंदोलन समजतात. मान ताणली जात असेल, हनुवटी पुढे येत असेल किंवा रियाजानंतर बोलायचा आवाज बसत असेल, तर तो राग काही वर्षं बाजूला ठेवा. मुलाच्या सोयीची पट्टी धरा. मुलग्यांचा आवाज साधारण बारा ते चौदाच्या सुमाराला फुटतो, तेव्हा तार षड्जासाठी (वरच्या सा साठी) हट्ट नकोच. पट्टी उतरवा, रियाज थोडा ठेवा.

पाठ केलेल्या ताना

स्पर्धेसाठी नाट्यपद तानांसकट घोटून घेतलं जातं. नक्कल करणं मला वाईट वाटत नाही. कुमार गंधर्व (जन्म 1924) लहानपणी मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गात. पण पुढे ते मुंबईत बी. आर. देवधरांकडे कित्येक वर्षं शिकले, हे पालक विसरतात. मुलाला तानेच्या मध्येच थांबवून ‘आता कोणत्या स्वरावर आहेस?’ असं विचारा. सांगता आलं नाही, तर तान पोपटपंची आहे. मग तीच तान निम्म्या लयीत, हाताने ताल देत, आधी सरगमने (स्वरांची नावं घेत) आणि नंतर आकारात (नुसत्या ‘आ’ने) म्हणून घ्या.

तानपुरा न बदलणं

मारवा रागात पंचम (प) वर्ज्य, आणि षड्जही (सा) बऱ्याचदा टाळला जातो. तरी ॲपवर नेहमीचा पंचमाचा तानपुरा चालूच असतो. मग मूल बेसूर होतं, आणि बोलणी त्यालाच बसतात! तिथे निषादाचा (नी) तानपुरा लावा. हार्मोनियमवर प्रत्येक स्वर सोबत वाजवत राहण्याची सवयही मोडा. पेटी बंद केल्याशिवाय मुलाचा सूर खरा कुठे लागतोय ते कळत नाही.

वर्षानुवर्षं फक्त अलंकार

राग न देता नुसते स्वरांचे पलटे घोटून घेणं ही उलटी चूक, आणि माझ्या मते जास्त घातक, कारण गोडीच मरते. भूप राग बसला की देसकार द्या. स्वर तेच पाच, सा रे ग प ध. पण भूपात गंधाराला मान आणि चाल पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात), तर देसकारात धैवताला (ध) मान आणि चाल उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात). गळ्याला यात नवं काही नाही, कानाला मात्र कस लागतो. मूल देसकार गाताना गंधारावर रेंगाळून भूपात शिरलं, तर रागावू नका. दोन्हींच्या दोन-दोन ओळी पाठोपाठ गाऊन दाखवा आणि कोणता राग कोणता, हे त्यालाच ओळखू द्या.