जुन्या अमेरिकन संगीतकारांच्या मुलाखती वापरताना या चुका टाळा

जन्मतारीख विचारली की जॅझचा ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग ४ जुलै १९०० सांगायचा. ऐन अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन! १९७१ मध्ये तो गेला आणि पुढे कित्येक वर्षांनी बाप्तिस्म्याची नोंद हाती लागली: जन्म ४ ऑगस्ट १९०१. रॅगटाइम (जॅझच्या आधीचं ठेकेदार पियानो-संगीत) वाजवणाऱ्या यूबी ब्लेकची शंभरी १९८३ मध्ये साजरी झाली, पण कागदोपत्री त्याचा जन्म १८८७ चा. तेव्हा मुलाखतीतलं साल जसंच्या तसं उचलू नका. आधी जनगणना आणि चर्चच्या नोंदी बघा.

याहून मोठी चूक पुढेच होते. एक तारीख चुकली की लोक अख्खा माणूसच खोटा ठरवतात. न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक जेली रोल मॉर्टन म्हणायचा, जॅझ मीच काढलं, १९०२ मध्ये. बाप्तिस्म्याच्या नोंदीप्रमाणे तेव्हा त्याचं वय बाराच्या आसपास. मग काय, थापाड्या म्हणून सोडून द्यायचा? मे १९३८ मध्ये लोकसंगीत गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने त्याला वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पियानोपाशी बसवलं आणि तबकड्यांवर मुद्रण सुरू केलं. तिथे तो 'मेपल लीफ रॅग' ही रॅगटाइमची प्रसिद्ध धून सेंट लुईसच्या पद्धतीने वाजवून दाखवतो, मग आपल्या न्यू ऑर्लिन्सच्या ढंगाने. धून तीच, पण दुसऱ्या वेळी ती डुलायला लागते. हे थापा मारून वाजवता येत नाही.

म्हणूनच नुसतं शब्दांकन वाचून थांबू नका. मॉर्टन बोलत असतो तेव्हाही त्याची बोटं पियानोवर फिरत असतात. छापील पानावर ते सगळं गळून पडतं, आणि मला ते फार लागतं. मुद्रण मिळत असेल तर आधी ऐका.

आणखी एक. फक्त नामवंतांच्याच मुलाखती शोधू नका. संगीतकार चार्ल्स आइव्ह्ज १९५४ मध्ये वारला. तो पोटासाठी विम्याचा धंदा करायचा. १९६८ मध्ये येल विद्यापीठाच्या व्हिव्हियन पर्लिस टेपरेकॉर्डर घेऊन त्याचे धंद्यातले भागीदार ज्युलियन मायरिक यांच्याकडे गेल्या. मग पुतणे, शेजारी, संगीतकार, त्याचा न्हावीसुद्धा. संगीतकार एलियट कार्टरने सांगितलं की आइव्ह्ज जुन्या रचनांत नंतर विसंवादी स्वर भरताना आपण पाहिला होता. त्यावरून पुढे मोठा वाद पेटला, आइव्ह्जने आपल्या रचनांवर घातलेल्या तारखांवरच संशय आला. अखेर हस्तलिखितांचा कागद आणि अक्षर तपासलं गेलं, तेव्हा त्यातल्या बऱ्याचशा तारखा टिकल्या.