जाई की जुई? रोप घेताना पान बघा, फूल नंतर

दोन वर्षांपूर्वी मी जुई म्हणून घरी आणलेलं रोप जाई निघालं. नर्सरीवाल्यानं मुद्दाम फसवलं असं नाही, पण जानेवारीत फुलं नसताना घ्यायला गेलं की असंच होतंय. म्हणून आधीच सांगतो, फुलासाठी थांबू नका, पान हातात घ्या.

जाईचं एक पान म्हणजे खरं तर बारक्या पानांची अख्खी ओळ असते, दोन्ही बाजूंना जोड्या नि टोकाला एक, मिळून सात किंवा नऊ भरतात, टोकाचं सगळ्यात मोठं. जुईचं तसं नसतं, एकच रुंद पान, हाताला जरा लवदार लागतं, आणि देठापाशी नीट बघितलं तर दोन चिमुकली पानं कानासारखी चिकटलेली दिसतात. जुईच्या शास्त्रीय नावातला ऑरिक्युलाटम म्हणजे कानवाली, तो या कानांवरूनच! सगळ्याच पानांना कान नसतात, त्यामुळं एक पान बघून ठरवू नका, चार-पाच उलटसुलट करून बघा.

कळ्या आल्या असतील तर कामच सोपं. जाईच्या कळीला बाहेरून गुलाबी-जांभळट छटा असते, जुईची कळी बारीक नि पांढरीफेक. फूलपण जाईचं मोठं, जुईचं त्याच्या निम्मं असेल नसेल पण झुबक्यानं येतात. वासाचं म्हणाल तर जाई लांबूनच कळते, जुई हळू आणि गोड, मला तर जुईच जास्त आवडते (घरात मात्र जाईचा पक्ष मोठा आहे).

आणि हो, दुकानात कोणी चमेली म्हणालं तर ती बहुतेक जाईच, हिंदीत जाईला चमेली नि जुईला जूही म्हणतात.

लावायचं दोन्हीचं सारखंच, ऊन भरपूर पाहिजे आणि चढायला जाळी नाहीतर तारा. आपल्या कोल्हापूरच्या पावसाचं मात्र ध्यानात ठेवा, जुलैत कुंडीत पाणी तुंबलं की मुळं कुजलीच म्हणून समजा, भोकं मोकळी ठेवा, मातीत वाळू घाला. छाटणी जानेवारीत, आणि जीव खालीवर करून घेऊ नका, नव्या फुटव्यालाच फुलं येतात. माझ्या त्या चुकून आलेल्या जाईची दोन वर्षं मी छाटणीच केली नव्हती, नुसती वेल गच्चीपर्यंत गेली आणि फुलं मोजून वीस. यंदा कापली तर महाद्वार रोडवरनं गजरा आणायचं बंद झालंय.


जुईचं रोप अजून शोधतोयच, आता पानं उलटून बघत.