पोटावरची पिशवी सारखी गळते? आधी भोक मोजा

कोलोस्टोमी (मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढून शौच पिशवीत घेण्याचं ऑपरेशन) होऊन माणूस घाटीतून, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यातून, गावी आला की पंधरा दिवसांत घरात एकच तक्रार सुरू होते: पिशवी गळते. मग महागातली आणतात, तीही गळते. चूक बहुधा कात्रीची असते.

ऑपरेशननंतर स्टोमा, म्हणजे पोटावरचं ते आतड्याचं तोंड, सुजलेला असतो. सहा ते आठ आठवड्यांत तो आकसतो, घरचे मात्र दवाखान्यातल्या पहिल्याच मापाने पिशवीच्या चिकट चकतीचं भोक कापत राहतात. मधल्या उघड्या कातडीला शौच लागतं, ती सोलवटते, ओलावते आणि ओल्या कातडीवर चकती धरत नाही. वरून टेप मारली की गळती झाकते, आग तशीच राहते. म्हणून पहिले दोन महिने दर आठवड्याला स्टोमा मोजा. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं ठेवा. घट्ट कापलं तर काठ रुततो, आणि स्टोमाला वेदना नसल्याने ते कळतही नाही.

धुवायला साधं पाणी पुरे. डेटॉल नको, खोबरेल तर नकोच. तेलावर काय चिकटणार? पिशव्यांचा खोका मे महिन्यात पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका, डिंक पातळ होतो. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. गॅसने फुगली म्हणून टाचणी टोचणारेही पाहिलेत. मग दिवसभर वास!

पिशवी भरू नये म्हणून उपाशी राहणं हा उलटा उद्योग आहे. रिकाम्या पोटी गॅस वाढतो. डॉक्टरांनी नेहमीचं जेवण सुरू केलं की भाकरी, वरण, ताक चालतं.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. पाण्याची घागर, सोयाबीनचं पोतं निदान सहा-आठ आठवडे उचलायचं नाही, पुढेही डॉक्टरांना विचारूनच. स्टोमाशेजारी हर्निया होणं फार नेहमीचं आहे. खोकताना तिथे फुगवटा दिसला तर दाखवून या.

पुसताना रक्ताचा ठिपका आला तर चालतं. पण स्टोमा जांभळा-काळा पडला, रक्त थांबेना, किंवा शौच-गॅस बंद होऊन पोट दुखतंय, उलट्या होतायत, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. रात्रीच गाडी करा.

पिशवी तात्पुरती असेल तर ती कधी काढणार, हे डिस्चार्जच्या दिवशीच कागदावर लिहून घ्या. गुदाशय काढलेला नसेल तर खालून अधूनमधून चिकट स्राव येतो. ऑपरेशन फसलं असं समजून रडू नका, माय. तो राहिलेला आतड्याचा तुकडा आपलं नेहमीचं काम करतोय.