ऐतिहासिक मालिकेतील अवघड माणसांविषयी कसे लिहावे

ऐतिहासिक मालिका पाहिल्यावर तिच्यातील माणसांविषयी आपण बहुधा दोनच शब्दांत बोलतो: अमका चांगला, तमकी दुष्ट. नायक आणि खलनायक उघड असतील तेथे एवढ्यावर भागते. परंतु ज्या व्यक्तीचा राग येतो आणि कीवही येते, किंवा जिच्याविषयी मनापासून आदर असूनही तिची एक कृती गळ्याखाली उतरत नाही, तिच्याविषयी नेमके काही लिहायचे असेल तर थोडी पूर्वतयारी करावी लागते. ती कशी करावी, हे मी रमाबाई रानडे आणि त्यांचे पती, समाजसुधारक न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या जीवनावरील 'उंच माझा झोका' या मालिकेच्या आधारे सांगते. झी मराठीवर मार्च २०१२ ते जुलै २०१३ या काळात ही मालिका दाखवली गेली. दिग्दर्शन वीरेंद्र प्रधान यांचे होते. लहानपणीच्या रमेची भूमिका तेजश्री वालावलकरने, मोठेपणीच्या रमाबाईंची स्पृहा जोशीने आणि महादेवराव रानडे यांची विक्रम गायकवाडने केली होती. हीच मालिका निवडण्याचे कारण असे की, यातील मुख्य माणसे खरोखर होऊन गेली आणि रमाबाईंनी स्वतः लिहिलेल्या, १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' ताडून पाहण्यासाठी हाताशी आहेत.

सर्वांत आधी वहीचे एक पान सनावळीसाठी राखून ठेवावे. त्या पानावर घरातील घटना डावीकडे आणि बाहेरच्या घटना उजवीकडे लिहाव्यात. डावीकडे १८७३ समोर येते: महादेवरावांची पहिली पत्नी वारली आणि त्याच वर्षी एकतीस वर्षांच्या महादेवरावांचे अकरा वर्षांच्या रमेशी लग्न झाले. उजवीकडे १८५६ समोर विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा येतो आणि १८९१ समोर संमतिवयाचा कायदा येतो, ज्याने मुलीशी शरीरसंबंधासाठीची किमान वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली आणि ज्याला पुण्यातच कडाडून विरोध झाला. हे पान तयार झाले की आपले सगळ्यांचे आवडते वाक्य, 'काळच तसा होता', सहज लिहिता येत नाही. अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करणे त्या काळात सर्रास चालत होते, हे खरे आहे. परंतु विधवेशी विवाह करण्याचा मार्गही सतरा वर्षांपूर्वीच कायद्याने मोकळा झाला होता आणि महादेवराव त्याच मार्गाचे जाहीर पुरस्कर्ते होते. मुलगा विधवेशी विवाह करील या भीतीने वडिलांनी घाई केली आणि संबंध तोडण्याचा इशारा दिला, तेव्हा मुलगा वडिलांपुढे नमला. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह करून समाजाचा बहिष्कार सोसला, हेही त्याच पानावर लिहून ठेवावे. महादेवरावांना दोषी ठरवण्यासाठी ही नोंद करायची नाही. त्यांच्यापुढे नेमके कोणते पर्याय होते आणि प्रत्येकाची किंमत काय होती, एवढेच तिने कळते. आणि पर्याय ठाऊक नसताना दिलेला निवाडा, अनुकूल असो की प्रतिकूल, माझ्या मते टिकत नाही.

दुसरी सवय अशी लावावी की, भाग पाहताना वहीत विशेषण लिहायचे नाही, कृती लिहायची. 'महादेवराव थोर' असे लिहिले की पुढे लिहिण्यासारखे काही उरत नाही. त्याऐवजी आठवणींत आलेला प्रसंग पाहा: लग्नानंतर ते त्या लहान मुलीला विचारतात की, आपण कोण हे तिला ठाऊक आहे का, आपले नाव काय, मग तिला लिहिता-वाचता येत नाही असे समजल्यावर तिला अक्षरे शिकवायला घेतात. नको असलेल्या लग्नातून आलेल्या मुलीपुढे हा मनुष्य पाटी ठेवतो. त्या पाटीत अपराधाची जाणीव आहे, तत्त्वनिष्ठा आहे, माया आहे आणि नवऱ्याचा अधिकारही आहे, कारण शिकायचे की नाही हे त्या मुलीला कोणी विचारलेले नाही. एका कृतीतून असे तीन-चार धागे निघाले की ते पात्र गुंतागुंतीचे आहे असे खुशाल समजावे आणि त्याच कृतीभोवती लेख रचावा.

सर्वाधिक वेळ मात्र आपल्याला न आवडणाऱ्या पात्राला द्यावा. या मालिकेत ते स्थान घरातील वडीलधाऱ्या बायकांचे आहे, विशेषतः विधवा नणंद दुर्गा हिचे. रमा वाचते म्हणून टोमणे, सभेला जाते म्हणून अबोला, इंग्रजी शिकते म्हणून विटाळ. पाहताना संताप येतो आणि तो यायलाच हवा. मी माझ्या वहीत दुर्गेच्या नावापुढे 'आतल्या गाठीची' असे लिहून ठेवले होते. त्या दिवसांत माझी आत्या आमच्याकडे राहायला आली होती. ती विशीत विधवा झालेली. रोज रात्री ती पोळीचा शेवटचा घास ताटातच ठेवून टीव्हीकडे बघत बसे आणि एरवी एक शब्द बोलत नसे. एका भागानंतर हात धुता धुता ती म्हणाली, "तिलाही पाटी हवी असेल गं. तिला कुणी दिली नाही." मी त्या रात्री ते विशेषण खोडले. ज्या बाईने प्रत्येक नियम निमूटपणे पाळला आणि त्यापायी आयुष्य गमावले, तिच्या डोळ्यांदेखत भावजय तेच नियम मोडते, तिचे काही वाईट होत नाही, उलट मान मिळतो. मग आपला त्याग कशासाठी होता, या प्रश्नाला सामोरे जाण्यापेक्षा भावजयीला टाकून बोलणे दुर्गेला सोपे जात असणार. हा माझा अर्थ आहे आणि लेखात तो माझा म्हणूनच मांडला पाहिजे. तिच्या बोलण्याने रमेला झालेला त्रास यामुळे कमी होत नाही. तो त्याच परिच्छेदात नोंदवावा, म्हणजे समजून घेणे आणि पाठीशी घालणे यांची गल्लत होणार नाही.

लिहिताना तीन व्यक्ती वेगळ्या ठेवाव्यात: प्रत्यक्ष होऊन गेलेली व्यक्ती, पटकथाकाराने उभे केलेले पात्र आणि नटाने त्यात घातलेला जीव. दैनंदिन मालिकेला आठवड्याला अनेक भाग भरायचे असतात, त्यामुळे घरातले कलह लांबतात, संवाद रचले जातात, काही माणसे मूळ स्वभावापेक्षा गडद होतात. म्हणून 'दुर्गा असे म्हणाली' आणि 'मालिकेतील दुर्गा असे म्हणते' ही दोन वाक्ये एक नाहीत. नटाविषयी लिहिताना 'अभिनय अप्रतिम' असे लिहून थांबू नये. कोणत्या वाक्याआधी तो थांबला, नजर कोठे वळवली, ते सांगावे.

लेखाचा आराखडा लांबलचक नसावा. एक प्रसंग, त्या वेळचे पर्याय, आपला अर्थ आणि त्या अर्थाला छेद देणारा दुसरा एक प्रसंग, एवढे पुरते. हा छेद देणारा प्रसंग टाळण्याचा मोह होतो, कारण त्याने मांडणी विस्कटते. पण तोच वाचकाला पटतो. सरावासाठी मी पंचहौदाचे प्रकरण सुचवीन. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये महादेवरावांनी आणि टिळकांसह इतर मंडळींनी चहा घेतला, गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती) यांनी नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे धर्म मोडला म्हणून जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभे राहिले. आपण पाप केले असे महादेवरावांना वाटत नव्हते. तरीही १८९२ मध्ये त्यांनी मित्रांसाठी प्रायश्चित्त घेतले. या एका निर्णयावर अर्धे पान त्यांच्या बाजूने लिहावे, अर्धे पान रमाबाईंच्या बाजूने, ज्यांना ते रुचले नव्हते. आणि लिहिताना १८७३ चे पान उघडे ठेवावे, कारण वडिलांपुढे नमलेला तो तरुण आणि मित्रांसाठी नमलेला हा पन्नाशीचा न्यायाधीश यांच्यात साम्य किती आणि फरक किती, हे तेथेच शोधायचे आहे.