दुपारी बंद पडणारी शंभर सीसी मोटरसायकल: घरी गाडी उघडताना या चुका टाळा

सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. सकाळी पहिल्या किकला चालू झालेली गाडी दुपारी सात रस्ता चौकात उन्हात लावली की मग किक मारून मारून पाय दुखतो, पण ती दाद देत नाही. घरी दुरुस्ती करणारा माणूस अशा वेळी सगळं एकाच बैठकीत करतो. प्लग बदलतो, एअर फिल्टर काढून झटकतो, कार्बोरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा, स्क्रू दोन फेरे फिरवतो. संध्याकाळी गाडी चालू होते, कारण तोवर ती गार झालेली असते. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच, आणि आता स्क्रू मुळात कुठे होता तेही कुणाला सांगता येत नाही.

घरच्या दुरुस्तीत सगळ्यात महाग पडणारी चूक ही आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, बदलण्याआधी ती मोजा आणि लिहून ठेवा. स्क्रूला हात लावण्याआधी तो पूर्ण आत जायला किती फेरे लागतात ते मोजलं, तर परतीचा रस्ता कायम मोकळा राहतो.

गरम झाल्यावर चालू न होणं

हा दोष गाडी बंद पडलेली असतानाच शोधायचा. घरी ढकलत आणली, चहा घेतला आणि मग बघितलं, तर काहीच सापडत नाही.

कार्बोरेटरची गाडी असेल तर आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली, तर झाकणातलं हवेचं बारीक भोक धुळीने बुजलंय. टाकीत हवा जात नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत रोज ये-जा करणाऱ्या गाड्यांना ही तपासणी आधी करा. खर्च शून्य.

मग स्पार्क. तापलेल्या इंजिनातून प्लग काढू नका, हेड, म्हणजे इंजिनाचा प्लग बसतो तो वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि आटे सहज जातात. जवळ एक जुना चालू प्लग ठेवा, कॅप त्याला लावा, त्याचं लोखंड हेडला घट्ट टेकवा आणि किक मारा. कॅप रबराच्या बाजूने धरा. गरम असताना स्पार्क नाही आणि गार झाल्यावर आहे, असं दिसलं तर कॉइल, पल्सर (मॅग्नेटजवळची, स्पार्कची वेळ सांगणारी छोटी कॉइल) किंवा प्लग कॅप उष्णतेने दगा देतेय. इथे कार्बोरेटर उघडून काहीही मिळणार नाही.

पेट्रोल आहे, स्पार्कही आहे, तरी चालू होत नाही? मग टॅपेटकडे, म्हणजे हवा घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या फटीच्या सेटिंगकडे, वळा. याबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण यातली चूक लोक चांगल्या हेतूने करतात. इंजिनाची बारीक टकटक ऐकू आली की ती बंद व्हावी म्हणून टॅपेट आवळतात. आवाज जातो, गाडी गुळगुळीत वाटते, मालक खूश. पण इंजिन तापलं की धातू प्रसरण पावतो, आवळलेला व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि दुपारी गाडी चालू होत नाही. तसंच महिनोन्महिने चालवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, आणि मग हेड उतरवावं लागतं. हलकी टकटक हे छोट्या इंजिनाच्या तब्येतीचं लक्षण आहे, तिला घाबरू नका.

सेटिंग फिलर गेजनेच (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) करा, अंदाजाने नाही. आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतला घ्या. होंडाच्या सर्व्हिस पुस्तिकांमध्ये हे काम इंजिन ३५ अंशांच्या खाली असताना करायला सांगितलेलं असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी सावलीतली हवाच त्याच्या वर असते! म्हणून रात्रभर उभी राहिलेली गाडी पहाटे उघडायची. मॅग्नेटवरची (इंजिनाच्या बाजूला फिरणाऱ्या चक्रावरची) टी खूण जुळवल्यावर दोन्ही टॅपेट हाताने थोडे हलतायत ना, ते पाहा. हलत नसतील तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेऱ्यावर नाही, मॅग्नेट आणखी एक पूर्ण फेरा फिरवा.

तेल आणि फिल्टर

ऊन जास्त म्हणून जाड तेल, हा हिशेब चुकीचा. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच घाला. जाड तेलाने छोटं इंजिन जड चालतं आणि अ‍ॅव्हरेज पडतं. चेंबरमध्ये तेल जेमतेम लिटरभर, आणि एअर-कूल्ड इंजिनात थंड करण्याचं बरंचसं काम त्याच्यावरच असतं. त्यामुळे तेलाची जात बदलण्यापेक्षा ते लवकर बदला. डब्यावर जासो एमए (तेलात बुडालेल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीचा) शिक्का हवा. कारचं तेल घातलं तर क्लच घसरू शकतो. हिरो-होंडाच्या बहुतेक गाड्यांत तेल बघताना पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, आणि गाडी डबल स्टँडवर सरळ हवी. पट्टी फिरवून पाहिली तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. ड्रेन बोल्टवर लांब पाना लावून जोर काढू नका. तिथलेही आटे गेले तर लेथवाल्याकडे जावं लागतं.

एअर फिल्टर दोन प्रकारचे. फोमचा धुवून, वाळवून, तेल लावून पिळून बसवता येतो. तेलकट कागदाचा मात्र हवा मारून साफ करायचाच नाही, त्याची धूळ धरून ठेवण्याची ताकद त्या तेलात असते. तो बदलायचा. आपल्या भागात उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे चालणाऱ्या गाडीला पुस्तिकेतलं अंतर पुरत नाही, निम्म्यावर उघडून बघा.

बदल करण्याआधी

आधी मूळ गाडी नीट करा. पिकअप नाही म्हणून लोक सायलेन्सर बदलतात, आणि दोष घासलेल्या क्लच प्लेटांत निघतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. हे काढलं की मीटरवर इंजिनाचा दिवा लागू शकतो. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत.

दिव्यांचं गणित मात्र घरीच करता येतं. प्रत्येकी ३५ वॅटचे दोन जादा हॅलोजन म्हणजे ७० वॅट, १२ व्होल्टला जवळपास ६ अँपिअर. अनेक शंभर सीसी गाड्यांची बॅटरी ३ ते ४ अँपिअर-अवरची. सिग्नलला इंजिन मंद असताना चार्जिंग कमी, त्यामुळे बॅटरी खाली जाणारच. कमी वॅटचे एलईडी घ्या, रिले आणि स्वतंत्र फ्यूज लावा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा चंदेरी कागद कधीही घालू नका, त्याने वायरिंग पेटतं.

रुंद टायरने रुबाब येतो, पण अरुंद रिमवर तो गोलसर होतो, चेनकव्हरला घासू शकतो आणि अ‍ॅव्हरेज घटतं. मी तरी तो बसवणार नाही.

चेन

जुनं काळं इंजिन ऑइल चेनला लावू नका, त्यातली काजळी आणि काळ्या मातीची धूळ मिळून पॉलिश पेपरसारखं काम करते. उघडी चेन रॉकेलने पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल थोडंसं लावा, उरलेलं पुसून टाका. ढिलाई मधोमध पुस्तिकेतल्या मापाइतकी, साधारण २० ते ३० मिमी ठेवा. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जास्त आवळली तर बेअरिंग जातं. लॉकची क्लिप बसवताना तिचं बंद टोक चेन जाते त्या दिशेला हवं, उलटी बसली तर चालत्या गाडीत निघू शकते.

चेन ओढली की मागचं चाक सरकतं, आणि मागचा ड्रम ब्रेकही आवळला जातो. हे विसरल्याने ब्रेक सतत घासत राहतो आणि गाडी जड चालते. ब्रेक पेडलची ढिलाई आणि ब्रेकचा दिवा पुन्हा जुळवा, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या करा, एक्सलचा नट घट्ट आवळा. स्प्लिट पिन काढली असेल तर नवी घाला आणि गल्लीत हळू चालवून दोन-तीनदा ब्रेक मारून बघा.