ख्रिस्ती एजंट शोधताना

घर घ्यायला आपल्याच श्रद्धेचा एजंट हवा असेल, तर चर्चमध्ये नुसतं ‘कोणी ओळखीचं आहे का’ असं विचारून थांबू नका. अलीकडे ज्यांनी घर घेतलं, त्यांना गाठा आणि नेमकं विचारा: भिंतीतली ओल, थकलेला कर एजंटने आपणहून सांगितला का? आगाऊ रक्कम दिल्यावरही फोन उचलत होता का? माणसाचा खरेपणा इथेच कळतो. मग एजंटचा परवाना किंवा नोंदणी स्वतः तपासा. तो तुमच्या बाजूने आहे की विकणाऱ्याच्या, कमिशन कोण आणि किती देणार, हे लेखी घ्या. एकाच मंडळीतले असाल तर नक्कीच घ्या. ‘आपलाच माणूस’ म्हणून कागद टाळला की पैशांवरून मनं दुखावतात. मालकीची कागदपत्रं मात्र वेगळ्या वकिलाला दाखवा.